संग्राह्य नाण्यांची प्रतवारी : संदर्भसूची व छायाचित्रांच्या साहाय्याने अध्ययनाची पद्धती

गोषवारा : जुन्या नाण्याची ओळख पटविणे, त्याची प्रत ठरविणे आणि त्याची किंमत सांगणे ही तीन भिन्न कार्ये आहेत. व्यवहारात त्यांची सरमिसळ होते, आणि त्यातून आर्थिक व ऐतिहासिक असे दोन्ही प्रकारचे नुकसान संभवते. संदर्भसूची व छायाचित्रे यांच्या आधारे नाण्यांची प्रतवारी कशी शिकता येईल, या साधनांच्या मर्यादा कोणत्या, आणि आशागड परिसरासारख्या ग्रामीण व आदिवासी भागातील महाविद्यालयीन अध्यापकांना या अभ्यासाचा उपयोग कोणता, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. प्रास्ताविक

डहाणू तालुक्यातील आशागड किंवा त्याच्या आसपासच्या एखाद्या पाड्यावरून येणारा विद्यार्थी आजीच्या पेटीतला जुना रुपया वर्गात घेऊन येतो आणि विचारतो, "सर, याचे किती येतील?" इतिहासाच्या अध्यापकाला हा प्रश्न अडचणीचा वाटतो. आपण सराफ नव्हे, असे म्हणून तो टाळता येतो. परंतु अध्यापकाने उत्तर टाळले, तरी ते द्यायला दुसरे कोणीतरी पुढे येतेच. एक जण 'झिजलेले नाणे' म्हणून ते मोडीच्या भावात घेतो. दुसरा ऐकीव बातमीच्या आधारे त्याचे लाखो रुपये येतील असे सांगून आधी 'शुल्क' मागतो. असे प्रकार इतके वाढले की, ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेला प्रसिद्धिपत्रक काढून, जुन्या नाण्यांच्या व नोटांच्या खरेदी-विक्रीसाठी आपल्या नावाने शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा द्यावा लागला. या दोन्ही प्रकारच्या फसवणुकीचे मूळ नाणे पारखता न येण्यात आहे.

वास्तविक नाणी पारखणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात टांकसाळीवरील 'लक्षणाध्यक्ष' आणि नाणी तपासणारा 'रूपदर्शक' अशा दोन अधिकाऱ्यांचा उल्लेख येतो. मराठेशाहीत हे काम पोतदार करीत असे. झिजलेल्या किंवा परमुलखातील नाण्यावर बट्टा आकारला जाई, आणि पुऱ्या वजनाचा, खऱ्या कसाचा तो 'बंदा रुपया' ठरे. या जुन्या पारखीचा हेतू धातूचे मोल ठरविण्याचा होता. आजच्या प्रतवारीचा हेतू मात्र टांकसाळीतून बाहेर पडताना नाण्यावर जे अंकित होते, त्यापैकी किती शिल्लक आहे, हे ठरविण्याचा आहे. हा भेद सुरुवातीलाच ध्यानात घेणे आवश्यक आहे.

२. प्रतवारीची परिभाषा आणि तिचा उगम

नाण्यांच्या इंग्रजी सूचींमध्ये प्रतीसाठी जी नावे वापरली जातात, ती नवशिक्याची दिशाभूल करणारी आहेत. 'फाइन' म्हणजे चांगले असे आपण समजतो, परंतु सूचीतील 'फाइन' नाणे चांगलेच झिजलेले असते. 'गुड' हे तर जेमतेम ओळखू येणारे नाणे होय. ढोबळमानाने ही उतरंड पुढीलप्रमाणे मांडता येईल :

(अ) अनसर्क्युलेटेड, म्हणजे अव्यवहृत : चलनातील झिजेचा मागमूस नाही. टांकसाळीत व पोत्यात नाणी एकमेकांवर आपटून पडलेले बारीक व्रण मात्र असू शकतात.

(आ) एक्स्ट्रीमली फाइन : फक्त सर्वांत उंच भागांवर किंचित झीज. मूळ झळाळीचा अंश अक्षरांच्या आडोशाला टिकून असतो.

(इ) व्हेरी फाइन : उंच भागांवरील बारकावे पुसट होऊ लागलेले, मध्यम उंचीचे तपशील मात्र स्पष्ट.

(ई) फाइन : केसांसारखे तपशील बहुतांशी सपाट झालेले. लेख व सन पूर्ण वाचता येतात.

(उ) व्हेरी गुड व गुड : मुख्यतः बाह्यरेषा शिल्लक. लेखाचा काही भाग कडेच्या झिजेत विरलेला.

आज शब्दांसोबत १ ते ७० असे अंकही वापरले जातात. ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या आरंभकालीन तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी मांडली. तिचा मूळ हेतू किमतीचे गुणोत्तर सांगण्याचा होता : सर्वांत निकृष्ट नाण्याची किंमत एक धरली, तर सर्वोत्कृष्ट नाण्याची सत्तर. किमतीचे हे गणित बाजाराने लवकरच मोडीत काढले, पण अंक मात्र राहिले. पुढे १९८६ व १९८७ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या दोन व्यावसायिक संस्थांनी नाण्याला अंक देऊन ते प्लास्टिकच्या बंद पेटीत मोहोरबंद करण्याची प्रथा रूढ केली. अंकांमुळे प्रतवारीला शास्त्रीय अचूकतेचा आभास येतो. तथापि, ती मूलतः तुलनेवर आधारलेली आणि माणसाने केलेली पारख आहे, हे विसरता येत नाही.

३. शब्दांकडून छायाचित्रांकडे

आरंभीच्या मार्गदर्शिकांमध्ये प्रतीचे वर्णन केवळ शब्दांत असे. 'केसांचे तपशील पुसट' या शब्दांवरून दोन वाचकांच्या डोळ्यांपुढे दोन निराळी नाणी उभी राहात. ही अडचण दूर करण्यासाठी आधी रेखाचित्रे आणि नंतर छायाचित्रे आली. जेम्स रडी यांच्या 'फोटोग्रेड' (१९७०) या पुस्तकात एकाच प्रकारच्या नाण्याची निरनिराळ्या प्रतींतील छायाचित्रे क्रमाने देण्यात आली. हातातील नाणे त्या क्रमात कोठे बसते, एवढेच वाचकाने पाहावयाचे.

अध्यापकवर्गाला ही पद्धत परिचयाची वाटेल. विद्यापीठीय परीक्षेत केवळ 'उत्तम उत्तर', 'मध्यम उत्तर' असे निकष दिले, तर प्रत्येक परीक्षक आपापल्या कलाने गुण देतो. नमुना उत्तर समोर ठेवले आणि नियामकाने काही उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या, म्हणजे गुणांतील तफावत कमी होते. नाण्यांच्या प्रतवारीत छायाचित्र हे नमुना उत्तर आहे. आणि ज्याप्रमाणे एका प्रश्नाचे नमुना उत्तर दुसऱ्या प्रश्नाला लागू होत नाही, त्याप्रमाणे व्हिक्टोरिया राणीच्या रुपयाचे छायाचित्र समोर ठेवून पंचम जॉर्जच्या रुपयाची प्रत ठरविता येत नाही.

येथे भारतीय अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आपल्याकडील बहुतेक सूचींमधील छायाचित्रे नाण्याचा प्रकार ओळखण्यासाठी असतात, प्रत ठरविण्यासाठी नव्हे. उदाहरणार्थ, के. के. महेश्वरी व केनेथ विगिन्स यांचा 'मराठा मिंट्स अँड कॉइनेज' (१९८९) हा ग्रंथ मराठा टांकसाळींची व त्यांच्या नाण्यांची ओळख पटविण्यासाठी अत्यंत उपयुक्त आहे. परंतु सूचीत छापलेले नाणे हे सूचीकाराला उपलब्ध झालेले नाणे असते. ते आदर्श प्रतीचे असेलच असे नाही.

४. प्रत्यक्ष पद्धती : पंचम जॉर्जच्या रुपयाचे उदाहरण

४.१ ओळख : प्रथम नाण्याचा प्रकार, सन व टांकसाळ निश्चित करावी. १८३५ पासून एकसमान झालेला रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा असून त्यात बारांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम असे. १९४० मध्ये हे प्रमाण निम्म्यावर आणले गेले, आणि १९४७ चा रुपया निकेलचा झाला. निकेल लोहचुंबकाकडे ओढले जाते, चांदी ओढली जात नाही. व्हिक्टोरियाच्या नाण्यांवर १८७६ पर्यंत 'क्वीन' व १८७७ पासून 'एम्प्रेस' असा लेख आहे. १८६२ सनाचे रुपये त्यानंतरही अनेक वर्षे तोच सन कायम ठेवून पाडले गेले, त्यामुळे त्यांचे पोटप्रकार ठिपक्यांच्या संख्येवरून व स्थानावरून ओळखावे लागतात. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या गळ्यातील साखळीतला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा भासला. त्यावर आक्षेप आल्याने ते नाणे मागे घेऊन १९१२ मध्ये हत्तीची आकृती सुधारण्यात आली. छायाचित्रांशी ताडून पाहण्याच्या सवयीचा उपयोग असे भेद टिपताना कळतो.

४.२ उंच भाग शोधणे : नाणे हातोहात फिरताना जे भाग पृष्ठापासून सर्वांत उंच असतात, ते आधी झिजतात. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुकुटातील रत्ने, कानावरील केस, दाढी-मिशा आणि वस्त्रावरील हत्ती ही दर्शनी बाजूची परीक्षास्थाने होत. मागील बाजूस वेलबुट्टीतील फुलांच्या पाकळ्या पाहाव्यात. केस स्वतंत्र दिसत असून फक्त कानावरचे टोक चकाकत असेल, तर नाणे 'एक्स्ट्रीमली फाइन'च्या जवळ जाते. केसांच्या बटा एकमेकींत मिसळल्या, पण हत्तीचा आकार व मुकुटातील रत्ने ओळखू येतात, तर 'व्हेरी फाइन'. मुकुटाचा पट्टा सपाट होऊन हत्तीची केवळ बाह्यरेषा उरली, तर 'फाइन' किंवा त्याहून खाली.

४.३ झळाळी पाहणे : ठशाचा दाब पडताच धातू मध्याकडून कडेकडे सरकतो आणि पृष्ठावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. एकाच दिव्याखाली नाणे हळूहळू तिरपे करीत फिरविले, तर या रेषांमुळे प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्याप्रमाणे फिरताना दिसतो. ही टांकसाळीची झळाळी होय. घासून चकचकीत केलेल्या नाण्यावर प्रकाश फिरत नाही, तो सर्वत्र सारखाच पसरतो, आणि भिंगाखाली एका दिशेचे बारीक ओरखडे दिसतात.

४.४ तीन कारणे वेगळी करणे : एखादा तपशील दिसत नसेल, तर त्याची कारणे तीन असू शकतात : घडण, झीज आणि इजा. ठसा जीर्ण असेल किंवा दाब अपुरा पडला असेल, तर तपशील मुळातच उमटलेला नसतो. तेथे पृष्ठाचा पोत व झळाळी मात्र अबाधित असते. झिजेत उंच भाग गुळगुळीत व निराळ्या रंगाचा होतो. माळेत ओवण्यासाठी पाडलेले छिद्र, डाग देऊन लावलेली कडी, ओरखडे व घासणे ही इजा होय. ती झिजेच्या प्रतीत मिसळू नये, स्वतंत्र नोंदवावी : 'व्हेरी फाइन, कडी काढल्याची खूण' याप्रमाणे.

४.५ दोन छायाचित्रांच्या मध्ये नाणे बसविणे : 'हे नाणे कोणत्या चित्रासारखे आहे?' असा प्रश्न विचारल्यास डोळा आशावादी होतो. त्याऐवजी 'कोणत्या चित्राहून हे निश्चित बरे आहे आणि कोणत्या चित्राहून निश्चित वाईट आहे?' असे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर त्या दोहोंच्या मध्ये सापडते. दोन्ही बाजूंची प्रत निरनिराळी ठरवून नोंदवावी. त्यानंतर दुसऱ्या व्यक्तीने पहिली नोंद न पाहता तेच काम करावे. दोघांत तफावत आल्यास पुन्हा नाण्याकडे वळावे.

५. छायाचित्रांच्या मर्यादा

छायाचित्र म्हणजे नाणे नव्हे. समोरून पडणाऱ्या मऊ प्रकाशात ओरखडे लपतात, तिरप्या प्रकाशात साधा व्रणही खोल भासतो. हाताच्या तळव्याएवढे मोठे केलेले चित्र पाहून प्रत ठरविली, तर ती नकळत कडक होते. लहान चित्रावरून ठरविली, तर सैल होते. झळाळी फिरताना दिसते, आणि स्थिर चित्रात काहीच फिरत नाही. वजन, जाडी व कड छायाचित्रातून कळत नाहीत. बनावट नाणे उघडकीस येते ते बहुधा याच तीन गोष्टींवरून. लक्ष्मीपूजनासाठी आजही राणीछाप धाटणीची नवी नाणी विकली जातात. काही वर्षे देव्हाऱ्यात राहून ती काळवंडली की, चित्रात जुनीच वाटतात. म्हणून केवळ छायाचित्रावरून दिलेली प्रत 'अंदाजित' अशीच नोंदवावी. खणखणीत नाण्याची पारख आवाजावरून करण्याची जुनी रीत मात्र येथे टाळलेली बरी. फरशीवर आपटलेल्या नाण्याच्या कडेला पडलेली खोक पुन्हा भरून येत नाही.

६. हातठशाची नाणी : प्रतवारी कोठे अपुरी पडते

वर सांगितलेली पद्धत कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेल्या नाण्यांना लागू पडते. तेथे प्रत्येक नाणे मुळात सारखे होते, असे गृहीत धरता येते. शिवराईसारख्या हातठशाच्या नाण्याबाबत हे गृहीतक टिकत नाही. तांब्याची चकती ठशाहून लहान असल्याने 'श्री राजा शिव' व 'छत्रपती' या लेखांतील सर्व अक्षरे प्रत्येक नाण्यावर येतातच असे नाही. जे अक्षर चकतीबाहेर राहिले, ते झिजले असे म्हणणे चुकीचे ठरेल. अशा नाण्याची नोंद करताना झीज, ठशाचा नाण्यावर आलेला भाग व ठशाचे मध्यस्थान अशा तीन स्वतंत्र बाबी लिहाव्यात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच प्रदेशाच्या इतिहासात आहे. नाशिकच्या लेण्यांतील क्रमांक १० च्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यांपैकी एका लेखात त्याने ज्या नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्या, त्यांत दमण, तापी यांच्यासोबत दाहनुका हे नाव येते. अभ्यासक ते डहाणूशी जोडतात. त्याच लेण्यातील दुसऱ्या लेखात सत्तर हजार कार्षापणांच्या दानाचा आणि पस्तीस कार्षापणांस एक सुवर्ण या दराचा उल्लेख आहे. डहाणूचे प्राचीन नाव आणि नाण्यांचा तत्कालीन विनिमयदर असे एकाच लेण्यात नोंदलेले आहेत.

त्या नहपानाची चांदीची नाणी १९०६ मध्ये नाशिकजवळील जोगळटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक संख्येने सापडली. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नहपानाचा पराभव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. राजाच्या मुखावर त्रिशिखर पर्वत व त्याखाली नागमोडी रेषा, आणि बाण-वज्राच्या बाजूवर उज्जयिनी चिन्ह अशी त्यांची मांडणी आढळते. केवळ झिजेच्या निकषावर पाहिले, तर ही नाणी निकृष्ट ठरतील : मुख चेपलेले, लेख तुटलेला, दोन आकृत्या एकमेकींत घुसलेल्या. परंतु एका सत्तेचा अस्त व दुसरीचा उदय ज्यात प्रत्यक्ष दिसतो, ते हेच चेपलेले मुख होय. एखाद्या संग्राहकाने 'स्वच्छ' नहपान नाणी निवडून उरलेली वितळविली असती, तर इतिहासाचा हा पुरावा नष्ट झाला असता. प्रत ही नाण्याच्या अवस्थेची नोंद आहे. ती नाण्याच्या महत्त्वाची नोंद नाही.

७. महाविद्यालयीन स्तरावर उपयोजन

या अभ्यासासाठी महागड्या संग्रहाची गरज नाही. १९९२ पासून चलनात आलेली पाच रुपयांची जाड तांबे-निकेल नाणी अजूनही बाजारात आढळतात. अशी वीस नाणी गोळा करून विद्यार्थ्यांनी ती सिंहमुद्रेच्या झिजेनुसार उतरत्या क्रमाने मांडावीत, प्रत्येकाचे सारख्या प्रकाशात छायाचित्र घ्यावे आणि त्यातून वर्गाची स्वतःची छायाचित्र-मोजपट्टी तयार करावी. सनाखालील खुणेवरून टांकसाळही ओळखता येते : मुंबईची हिऱ्याच्या आकाराची, हैदराबादची तारा, नोएडाची ठिपका, आणि खूण नसल्यास कोलकाता. डोळा इतका तयार झाल्यावर घरातील जुन्या नाण्यांकडे वळावे. पुढील अभ्यासासाठी मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील नाणेसंग्रह पाहण्यासारखा आहे. नाशिकजवळील अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेचा उल्लेखही येथे केला पाहिजे. तिच्या उभारणीत डॉ. परमेश्वरीलाल गुप्त यांचा मोलाचा वाटा होता.

विद्यार्थ्यांना तीन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. पहिली : चिंच, लिंबू, राख वा कोणतीही पूड लावून नाणे घासू नये. चांदीवरील काळा थर घासताना पृष्ठावरील धातूचा पापुद्राही जातो आणि एका दुपारी नाणे दोन प्रती खाली येते. दुसरी : नाणे कडेने धरावे, आणि किनाऱ्यावरील दमट हवेत ते साध्या पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नये. त्यातून सुटणाऱ्या आम्लाने हिरवट चिकट थर धरतो. तिसरी : शेतात वा पाया खणताना नाण्यांचा साठा सापडल्यास, १८७८ च्या निखात-निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या अशा ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षे वा त्याहून जुने नाणे पुरावशेष ठरते आणि खाजगी व्यक्तीला ते परदेशी पाठविता येत नाही.

८. समारोप

आजीच्या पेटीतील रुपयाकडे पुन्हा वळू. आता अध्यापकाला त्या विद्यार्थ्याला असे सांगता येईल : हे १९१२ नंतरचे पंचम जॉर्जचे नाणे आहे. दर्शनी बाजू 'फाइन', मागील बाजू 'व्हेरी फाइन', कडेला कडी काढल्याची खूण. पुऱ्या वजनाच्या अशा नाण्यात सुमारे साडेदहा ग्रॅमहून अधिक शुद्ध चांदी असते. हे वजन करून पाहा, म्हणजे झिजेत किती गेली ते कळेल. त्याहून कमी चांदीचा भाव कोणी सांगितला, तर तो तुला फसवीत आहे. लाखो रुपये सांगितले, तर तोही फसवीत आहे. आणि कडीची ती खूण आजीने हे नाणे अंगावर वागविले होते एवढे सांगते. कोणत्याही सूचीत तिला किंमत नाही, म्हणून ती वहीत लिहून ठेव.

संदर्भसूची व छायाचित्रे डोळ्याला वळण लावतात, आणि वळण लागलेला डोळा नाण्यावर आहे तेवढेच पाहतो, हवे ते पाहत नाही. उत्तरपत्रिका तपासताना ज्या तटस्थतेची अपेक्षा आपण स्वतःकडून करतो, तीच येथे अपेक्षित आहे. आपल्या परिसरातील घरोघरी असलेली जुनी नाणी मोडीत जाण्यापूर्वी त्यांची अशी तटस्थ नोंद होणे गरजेचे आहे, आणि हे काम महाविद्यालयातील इतिहास, अर्थशास्त्र व रसायनशास्त्र या विभागांना एकत्रितपणे हाती घेता येण्याजोगे आहे.